कबरीचे तीन सड

कबरीनं लाथ झाडली तेव्हा शेवंतीच्या हातातली चरवी वाचली, पण मांडीवर खूर बसला. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणणारा माणूस कधी गाईखाली बसलेला नसावा. शेवंतीनं मांडी चोळली, गाईच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि पुन्हा उकिडवी बसली.

"काय झायला तुला? आं?"

मागच्या उजव्या सडाला बोट लागलं की गाय अंग चोरत होती. कास त्या बाजूनं गरम होती आणि हाताला टणक लागत होती. सड पिळला तर पांढऱ्या गुठळ्या आल्या आणि मागून पिवळसर पाणी. शेवंतीनं ते वेगळ्या वाटीत धरलं, नाकाशी नेलं आणि तोंड फिरवलं.

भाद्रपद चालू होता. गणपती जाऊन चार दिवस झाले होते. पावसाळा लागल्यापासून गोठ्याची जमीन वाळली नव्हती. राख टाकली, भुसा टाकला, तरी ओल वर यायचीच. कबरी बसायची त्याच ओलीत, कास टेकून. शेवंतीला हे दिसत होतं आणि ती दोन आठवडे मुलाच्या, साईनाथच्या, मागे लागली होती की खाली फरशी तरी टाक. साईनाथ 'टाकतो' म्हणायचा. साईनाथच्या 'टाकतो'वर घर बांधायचं म्हटलं तर पायासुद्धा व्हायचा नाही.

शहाडचा पूल ओलांडला की नदीच्या काठाकाठानं रस्ता आत जातो. गावाच्या तिन्ही बाजूंना इमारती उठल्या आहेत, चौथ्या बाजूला उल्हास नदी आहे म्हणून ती तेवढी मोकळी. शेवंतीच्या घराची भातशेती रस्त्यात गेली. राहिली ती काठावरची गवताची पट्टी आणि दावणीच्या चार गायी. त्यातल्या तीन दुभत्या, आणि तिघींत जास्त दूध कबरीचं. रोज पहाटे साईनाथ काचेच्या बाटल्या टेम्पोत घालून शहरात, माजिवड्याला न्यायचा. तिथल्या टॉवरमधली बावीस घरं. बावीसही घरांत पाच वर्षांच्या आतलं मूल.

ही घरं जमवली होती देवयानी मॅडमनी. त्यांच्या मुलाला, अद्वयला, अंगावर खाज यायची. त्यांनी चार प्रकारची दुधं बदलली, पाचवं शोधायला त्या स्वतः गाडी घेऊन निघाल्या आणि या गोठ्यात पोचल्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या येत, पायांत रबरी बूट घालून, गवत हुंगत, गव्हाणीत हात घालून बघत. गोठ्याच्या खांबाला त्यांनी प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद लावला होता. गवताला रासायनिक खत नको. बाजारची पेंड नको. पान्हा सोडवायचं इंजेक्शन नको. गाईला औषध दिलं तर तिचं दूध बंद, आणि तसं कळवायचं.

शेवंतीला वाचता येत नव्हतं, पण सुनेनं, शिवानीनं, दोनदा वाचून दाखवल्यावर तिला कागद पाठ झाला. तिचं त्यावर भांडण नव्हतं. तिच्या नवऱ्याला, विश्रामला, खताची गोणी उचलवत नव्हती, त्यामुळे गवत आपोआपच सेंद्रिय होतं.

तिचं भांडण वेगळ्याच गोष्टीवर होतं. दहा घरांची बावीस घरं झाली तसं घरात दूध उरेना. मग साईनाथ म्हणाला, घरात पिशवी आणू. आणि तेव्हापासून तिची सोळा महिन्यांची नात नयन पिशवीचं दूध पीत होती. चहाला पिशवी चालली असती. पण पोरीला? दावणीला चार गायी असताना?

शिवानीला त्यात काही वाटत नव्हतं. ती डोंबिवलीत वाढलेली, जन्मभर पिशवीच पीत आलेली, आणि चांगली उंच, धडधाकट. कल्याणला साड्यांच्या दुकानात कामाला जायच्या आधी ती पिशवी फोडायची, दूध उकळायची, गार करून फ्रीजमध्ये ठेवायची. "पिशवीचंही दूधच आहे ना आई," ती म्हणायची. "बालडॉक्टरना विचारलंय मी. दोन्ही चालतं म्हणाले. ताजं हवं, उकळलेलं हवं, बस."

"दोन्ही चालता, तं मंग ते मॅडम टेम्पो भरून आपला कशाला नेतात?"

शिवानी पर्स खांद्याला लावायची. ती बसची वेळ झाली म्हणून निघायची.

शनिवारचं ते दुखणं रविवारी वाढलं. विश्रामनं हळद, कोरफड आणि चुना वाटून कासेला लेप लावला. त्याच्या बापानं लावलेला, आज्यानं लावलेला. लेप वाळला, कास तशीच. गाय वैरणीला तोंड लावेना, कान गार पडले.

"सुई नको मारू," साईनाथ म्हणाला. "सुई मारली की हिचं दूध बंद. सात लिटर कमी झालं तर आठ घरांना काय सांगू मी?"

"नि सड गेला तं?" विश्राम म्हणाला. "तीन सडांची गाय बांधून ठेवशील जन्मभर?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रात्रभर गाय कण्हली आणि घरातलं कुणीच धड झोपलं नाही. सोमवारी सकाळी विनीत डॉक्टर आले. तरुण जनावरांचे डॉक्टर, मोटरसायकलच्या डिकीत सगळा दवाखाना. त्यांनी आजारी सडात औषधाची नळी रिकामी केली, मानेला सुई मारली आणि साईनाथला म्हणाले, "हात साबणानं धू नीट. पेनिसिलिन आहे. काही माणसांना सोसत नाही. माझ्या मेहुणीला एक गोळी घेतली तरी तोंड सुजतं तिचं."

"दूध?" साईनाथनं विचारलं.

"तीन दिवस सुया, आणि शेवटच्या सुईनंतर चार दिवस. तोवर गिऱ्हाइकाला द्यायचं नाही. ओतून टाकायचं."

साईनाथनं तिथूनच देवयानी मॅडमना फोन लावला. खरं ते सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "थँक यू साईनाथ. याच प्रामाणिकपणासाठी आम्ही तुमचं दूध घेतो. आठवडाभर आम्ही आपापसात वाटून घेऊ." साईनाथनं फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला होता. शेवंतीला ते ऐकून बरं वाटलं. आपलं घर खोटं नाही, असं कुणी मोठ्या माणसानं म्हटलेलं तिला फार आवडायचं.

ओतून टाकायचं कुठे, हा प्रश्न मात्र संध्याकाळी उभा राहिला.

कबरीचा आजारी सड तिनं वेगळा पिळला, त्यातलं गुठळ्यांचं पाणी राखेच्या खड्ड्यात टाकलं. ते दूध नव्हतंच, घाण होती. पण बाकीचे तीन सड? त्यातून नेहमीसारखंच दूध आलं, पांढरंशुभ्र, वर फेसाची टोपी. पान्हा यावा म्हणून वासराला आधी सोडलं होतं, ते दोन घोट पिऊन उड्या मारत होतं. साईनाथ म्हणाला, "मोरीत ओत."

"मोरीन? दूध?" शेवंती त्याच्याकडे बघत राहिली. "दूध भुईवर सांडत नाय रं. गाय आटते."

"मग काय करणार?"

"नदीला सोरते."

वाहत्या पाण्यात सोडलेलं दूध वाया जात नाही, असं तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं. सोमवारी संध्याकाळी ती किटली घेऊन काठावर गेली, पदर डोक्यावरून घेतला आणि पाण्यात दूध सोडलं. जलपर्णीच्या पानांवर ते पसरलं आणि थोडा वेळ तिथेच राहिलं, कारण नदी वाहत होती ती मधोमध, काठाला ती तुंबलेली होती. शेवंतीला कसंतरीच झालं. तिनं काठीनं पानं बाजूला सारली.

मंगळवारी सकाळी ती पुन्हा गेली तेव्हा घाटावर चांगुणा धुणं आपटत होती. चांगुणा शेजारची, आणि तिची जीभ तिच्या धोपटण्यापेक्षा जोरात चालायची.

"अगो शेवंते, ये काय करतंस? दूध सोरतंस नदीला?"

"औषीद दिलाय गाईला. गिऱ्हाईकाला चालत नाय."

"गिऱ्हाईकाला चालत नाय, तं घरान कोन नाय काय?" चांगुणानं धोपटणं खाली ठेवलं. आता दोघी-तिघी बायकाही वळून बघायला लागल्या. "नातीला पिशवी नि नदीला दूध! शेरातले पोरांची पोटा नाजूक. तुजे नातीचा पोट कवापासून नाजूक झायला?"

बायका हसल्या. शेवंतीही हसली, हसावं लागलं म्हणून. ज्येष्ठात एका हळदीच्या मांडवात याच चांगुणानं 'चार गायीवाली शेवंती नि पिशवीवाली नात' असं म्हटलं होतं, आणि तेव्हाही सगळा मांडव हसला होता. तेव्हा तिच्याजवळ उत्तर नव्हतं. आता किटलीत तीन लिटर उत्तर होतं.

तिनं अर्धी किटली नदीला सोडली. अर्धी पदराखाली घेऊन ती घरी आली.

वाटेत तिनं मनाशी सगळा हिशोब नीट लावला. कागद मॅडमचा. कागदावरचे नियम मॅडमच्या पोरांसाठी. डॉक्टर म्हणाले गिऱ्हाइकाला द्यायचं नाही, आणि नयन काही गिऱ्हाईक नाही. वाईट सड एक, चांगले तीन, आणि दूध चांगल्या तिनांचं. वासरू पितंय आणि उड्या मारतंय. शिवाय आपण उकळून देणार. उकळल्यावर काय राहतं? एवढं सगळं पटल्यावर माणसानं ते उघडपणे करायला हरकत नसते. शेवंतीनं मात्र शिवानी कामावर गेल्याची खात्री केली, साईनाथ टेम्पोवरून येऊन झोपला आहे ना बघितलं, आणि मगच दूध चुलीवर चढवलं.

साय बोटभर आली. तिनं वाटी फुंकून गार केली आणि नयनला मांडीवर घेतलं. पिशवीचं दूध पिताना पोर मान फिरवायची, वाटी ढकलायची. हे तिनं दोन्ही हातांनी वाटी धरून प्यायलं. ओठावर पांढरी मिशी आली. पिऊन झाल्यावर तिनं वाटी पुन्हा पुढे केली.

"आजून? माझी बाय ती!"

शेवंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. चार महिने छातीवर बसलेला धोंडा उतरला होता. तिला नाचावंसं वाटत होतं. शिवानीनं उकळून ठेवलेलं पिशवीचं दूध तिनं चहात घातलं आणि दोन कप चहा करून एक विश्रामला दिला.

"आज च्या पातल झायला," विश्राम म्हणाला. त्याला काहीच माहीत नव्हतं.

बुधवारी तिनं तेच केलं, दोन वेळा. बुधवारी संध्याकाळी शिवानी घरी आली, नयनला कडेवर घेतलं आणि म्हणाली, "आज हिचं पोट छान भरलेलं दिसतंय. दूध संपवलं सगळं?"

"संपवला," शेवंती म्हणाली आणि ताटं मांडायला वळली. चोराच्या मनात चांदणं. तिला वाटलं, पोरीच्या तोंडाला कबरीच्या दुधाचा वास येत असेल. रात्री तिला दोनदा जाग आली. दोन्ही वेळा तिनं पोरीच्या अंगावरून हात फिरवला. अंग गार होतं, श्वास शांत होता. मग आपण कशाला घाबरलो, असं म्हणून ती कुशीवर वळली.

गुरुवारी दुपारी जेवणं झाल्यावर तिनं वाटी दिली. तीन वाजायच्या सुमारास नयन रडत उठली. आधी शेवंतीला वाटलं डास. गळ्याजवळ दोन लाल गांधी होत्या. तिनं खोबरेल लावलं. तेल लावता लावता गांधी चार झाल्या, मग पाठीवर, मग पोटावर, एकात एक मिसळत गेल्या. पोर नखांनी ओरबाडत होती. शेवंतीनं तिचं तोंड वर केलं. नयनचा वरचा ओठ सुजला होता, डोळे बारीक झाले होते.

तोंड सुजतं तिचं. विनीत डॉक्टर मेहुणीबद्दल बोलले होते ते शब्द शेवंतीच्या कानात जसेच्या तसे आले.

"साईनाथ! ऊठ रं! पोरीला बग!"

साईनाथ चड्डीवरच रिक्षा बोलवायला धावला. कल्याणच्या बालडॉक्टरकडे जाईपर्यंत रस्त्यात तीन ठिकाणी खोदकाम, दोन ठिकाणी पाणी. प्रत्येक खड्ड्याला शेवंती पोरीला छातीशी आवळत होती आणि तिचा श्वास ऐकत होती. सांगावं, असं तिला दर दोन मिनिटांनी वाटत होतं. साईनाथ फोनवर शिवानीशी बोलत होता, ड्रायव्हरवर ओरडत होता. सांगायला फट सापडत नव्हती. खरं तर फट होती, तिची छाती होत नव्हती.

डॉक्टरांनी ओठ बघितला आणि रांग मोडून आत घेतलं. छाती तपासली, एक इंजेक्शन दिलं. "ॲलर्जी आहे. वेळेवर आणलंत. आता अर्धा तास इथेच बसा. मी पुन्हा बघणार."

तेवढ्यात शिवानी आली, दुकानातून धावत, केस विस्कटलेले. तिनं पोर ओढून घेतली. "काय खाल्लेलं तिनं? नवीन काही दिलंत?"

"काय नाय," शेवंती म्हणाली.

शिवानी बाकावर बसली आणि रडायला लागली. "मग पिशवीच. दुसरं काय असणार? सकाळी घाई झालेली मला, मी तारीखपण नाही बघितली पिशवीवर. तुम्ही सांगत होतात आई. इतके महिने सांगत होतात. मीच ऐकलं नाही."

शेवंती भिंतीकडे बघत राहिली. ती जिंकली होती. चार महिने जे ऐकायची तिची इच्छा होती ते सून स्वतःच्या तोंडानं, लोकांसमोर, रडत बोलत होती. आता काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. उद्यापासून पोरीला घरचं दूध सुरू झालं असतं आणि चांगुणाचं तोंड कायमचं बंद झालं असतं. आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवावा असं वाटूनही तिचा हात उचलत नव्हता.

साईनाथनं मोबाईल काढला. "मॅडमच्या ग्रुपवर टाकतो. उद्या दूध उशिरा येईल. नयनला पिशवीच्या दुधाची रिॲक्शन आली." त्यानं टाकलंही. लगेच टुंग टुंग वाजायला लागलं. बायका हळहळत होत्या, काळजी घ्या म्हणत होत्या, आपापल्या सासवांना दाखवायला निरोप पुढे पाठवत होत्या.

अर्ध्या तासानं ओठ उतरला. गांधी फिक्या झाल्या. डॉक्टरांनी पुन्हा आत बोलावलं, बॅटरीनं घसा बघितला. "घसा लाल आहे. अंगही कोमट लागतंय. खाजेचं औषध देतो, आणि घशासाठी पाच दिवसांचं अँटिबायोटिक सिरप. आजपासूनच सुरू करा." ते लिहायला लागले.

शेवंती दाराजवळ उभी होती. पेनाचा आवाज तिला ऐकू येत होता.

"डाक्टर," ती म्हणाली. "त्यान पेनिसिलिन हाय का?"

डॉक्टरांनी मान वर केली. पायांत शेणानं भरलेल्या चपला घातलेली बाई असं काही विचारेल असं त्यांना वाटलं नसावं. "त्याच जातीचं औषध आहे. का?"

"मंग तो नका देऊ."

"आये, तू गप्प बस," साईनाथ म्हणाला.

"नाय. गाईला तीच सुई दिलीय. कास सुजलेली. तिचा दूध मी पोरीला पाजला." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "मंगलवारपासून. रोज. लपून. पिशवीचा आमी च्यात वतला. पिशवीनं काय नाय केला. मीच केला."

डॉक्टरांनी लिहिलेला कागद फाडला. ते ओरडले नाहीत, आणि ते ओरडले असते तर बरं झालं असतं असं शेवंतीला वाटलं. त्यांनी किती दूध, किती वेळा, कुठलं औषध, सगळं विचारलं. विनीत डॉक्टरांना फोन लावायला लावून औषधाचं नाव घेतलं. मग शिवानीला म्हणाले, "पक्कं सांगायला तपासणी करावी लागेल. पण जमतंय सगळं. तोवर या जातीचं औषध हिला द्यायचं नाही, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी हे आधी सांगायचं. फाईलवर लाल पेनानं लिहून देतो. हे सिरप आज पोटात गेलं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. आज्जींनी सांगितलं ते बरं झालं."

शिवानी शेवंतीकडे बघत होती. 'बरं झालं' हे तिच्या कानात शिरलं नव्हतं.

परतीच्या रिक्षात ती पोरीला मांडीवर घेऊन रस्त्याकडे तोंड करून बसली. घराशी उतरल्यावर शेवंतीनं सवयीनं हात पुढे केले. शिवानीनं पोर दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"उद्यापासून नयनला काही द्यायचं असेल तर आधी मला विचारायचं, आई. बिस्किटसुद्धा."

"बरं," शेवंती म्हणाली.

शुक्रवार, शनिवार शिवानी कामावर गेली नाही. तिनं पिशवी आणली, उकळली, स्वतः भरवली. नयनची वाटी वरच्या फळीवर गेली. शेवंती शेण काढत होती, गवताचे भारे ओढत होती, कबरीचं दूध खड्ड्यात ओतत होती. एरवी जे विश्रामला सांगायची ती कामंही तिनं स्वतःच केली. नयन दारातून तिच्याकडे हात पसरायची तेव्हा ती पाठ फिरवून खोऱ्याचा दांडा घट्ट धरायची. विश्राम एकदा म्हणाला, "घे की तिला. सून काय खाते तुला?" त्यावर ती म्हणाली, "खाल्ला असता तं बरा होता."

साईनाथचं मात्र वेगळंच चाललं होतं. ग्रुपवरचा निरोप कुणी मागे घेतला नव्हता. तो माजिवड्यातून खोपटला, खोपटातून आणखी कुठे कुठे फिरत होता. पिशवीच्या दुधानं गावातलं मूल मरता मरता वाचलं, इथवर त्याची मजल गेली होती. शनिवारी संध्याकाळी नऊ नव्या घरांनी दूध मागितलं.

"आता बोलून काय फायदा?" साईनाथ आईला गोठ्यात गाठून म्हणाला. "पोरगी बरी आहे ना? उद्या मॅडम येतायत. व्हिडिओ घेणारेत तुझा. तू एवढंच बोल, पोरगी आजारी पडलेली. कशानं ते मी बोलतो. आणखी एक गाय घेऊ आपण. फरशीपण टाकतो."

शेवंती कबरीपुढे गवत टाकत राहिली. त्याला ते होय वाटलं.

रविवारी देवयानी मॅडम आल्या, रबरी बूट घालून, कडेवर अद्वय. नयनसाठी कापडी बाहुली आणली होती. शिवानी ओट्यावर नयनला घेऊन उभी होती. मॅडमनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. ते डोळे खोटे नव्हते.

"किती घाबरली असशील गं तू. मला दोन दिवस झोप नाही. आमच्या सासूबाई अजून म्हणतात, आम्ही काय वेगळं प्यायलो, द्या पिशवीचं. म्हणून म्हटलं, मावशींच्याच तोंडून ऐकवते." त्यांनी अद्वयला खाली उभं केलं आणि मोबाईल धरला. "मावशी, इथे बघा. घाबरू नका. नयनला काय झालेलं, तुमच्या शब्दांत सांगा."

साईनाथ मॅडमच्या मागे उभा राहून मान हलवत होता. शेवंतीनं हात लुगड्याला पुसले. तिनं मोबाईलकडे बघितलं नाही, शिवानीकडेही बघितलं नाही. अद्वय गव्हाणीतलं गवत उपसून जमिनीवर टाकत होता, त्याच्याकडे ती बघत राहिली.

"पोरीला आमचे कबरीचे दुधानं झायला," ती म्हणाली. "सुई मारलेले गाईचा दूध. मीच पाजला, तीन दिस, सुनेपासून लपवून. पिशवीचा दूध ती चार महिने पितेय, तिला काय नाय झायला."

मॅडमचा हात हळूहळू खाली आला. साईनाथनं कपाळाला हात लावला.

"ते दूध..." मॅडमनी अद्वयला झटकन ओढून जवळ घेतलं. "आमच्याकडे आलं?"

"एक थेंब नाय. तुमचे कागदावर होता तसा तुमचे पोरांना बंद केला." शेवंतीनं खांबाकडे बोट केलं. "आमचे पोरीचा नाव त्या कागदावर नव्हता."

मॅडम त्या कागदाकडे बघत राहिल्या. ते नियम त्यांनीच लिहिले होते, महिनाभर वाचून, विचारून. मग त्या गोठ्यातल्या ओल्या जमिनीवरच खाली बसल्या, कपड्यांची पर्वा न करता, आणि अद्वयला मांडीत घेतलं. त्या एकदम फार थकलेल्या दिसल्या. "मी काय करू मग? पाच प्रकारची दुधं झाली याची. प्रत्येक जण वेगळं सांगतं. मावशी, तुम्ही खरं सांगता, म्हणून तुम्हालाच विचारते. मी याला कुठलं देऊ? तुमचं, का पिशवीचं?"

हा प्रश्न आठवड्यापूर्वी कुणी विचारला असता तर शेवंतीनं तो पुरा होऊ दिला नसता. उत्तर तिच्या जिभेवर होतं, आयुष्यभर होतं. आता ती ते शोधत होती आणि ते सापडत नव्हतं. एवढी वर्षं दूध काढून आपल्याला दुधातलं काही कळत नाही, हे तिला या बाईसमोर कळत होतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

"मना नको इचारू गो बाय," ती म्हणाली आणि ओट्याकडे मान केली. "तिला इचार. पोरीची आय ती हाय."

शिवानी नयनला घेऊन ओट्यावरून खाली उतरली. बोलायच्या आधी तिनं सासूकडे बघितलं, चार दिवसांत पहिल्यांदा.